सोनकांबळे सिस्टरची लाल बाटली

आमच्या कंपनीच्या दवाखान्यात बसायची सोय नव्हती. एक खाट होती, पण ती खरोखर आडवं पडायची वेळ आलेल्यांसाठी. वजनाचा काटा होता, त्यावर उभंच राहावं लागे. टेबलामागे एक खुर्ची होती आणि तिच्यावर कायम कापसाचा गठ्ठा विराजमान असे. दाराबाहेर पूर्वी एक लांबलचक बाकडं होतं, पण सोनकांबळे सिस्टर रुजू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते उचलून कँटीनच्या मागे टाकायला लावलं. युनियनचा माणूस तावातावानं जाब विचारायला गेला, तर त्या म्हणाल्या, "बाकडं हाय म्हनून मानसं आजारी पडायलेत. बाकडं गेलं की बरी व्हतेत का नाई बगा." आणि गंमत म्हणजे बाकडं गेल्यावर दवाखान्यातली गर्दी निम्म्यावर आली.

मी टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून होतो. आमच्या खोलीत आणि दवाखान्यात फक्त एक प्लायवूडची फळी होती, त्यामुळे पिंपरीतल्या त्या कारखान्यात कोणाला काय दुखतंय आणि कोणाला काहीच दुखत नाहीये, हे डॉक्टरांच्या आधी मला कळायचं. डॉक्टर तसेही दुपारी तासभर येऊन सह्या करून जात. दवाखाना म्हणजे सिस्टर. उंचनिंच, काळ्यासावळ्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतल्या. उदगीरकडच्या. इकडे येऊन इतकी वर्षं झाली तरी बोलण्यातलं तिकडचं पाणी हटलं नव्हतं.

पेंटशॉपमधला शिंदे हे त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक. चाकणकडचा गडी, शेती सांभाळून कंपनी करणारा, त्यामुळे कांदे काढायला आले की त्याच्या पोटात दुखू लागे.

"सिस्टर, पोटात लई दुकतंय बगा."

"कुटून आलास?"

"पेंटशापातनं."

"चालत?"

"व्हय."

"पेंटशापातून इतवर चालत आलास, आता सरळ उभा हाईस, मोठ्यानं बोलायलास. मग दुखायलंय कुटं?"

शिंदे जरा वेळ खरोखरच विचार करी. "आता थांबलं," असं म्हणून तो निघून जाई आणि संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरवरून पिशवीभर कांदे आणून मुकाट्यानं सिस्टरच्या दारात ठेवी. दोघांचं असं छान चाललं होतं.

सिस्टर दुसऱ्यालाच बसू देत नव्हत्या असं नाही, त्या स्वतःही कधी बसत नसत. डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानंच खात. शिकत असताना सरकारी दवाखान्यात त्यांना एक खाष्ट मेट्रन होती. तिचं वाक्य त्या आम्हाला ऐकवत: "सिस्टर बसली की पेशंट दगावला." ते त्यांच्या हाडात मुरलं होतं. कॉलनीत कोणाकडे बारसं असलं की त्या दारापर्यंत येत, बाळाच्या डोळ्यांत कावीळ आहे का बघत, आईला दोन गोष्टी दरडावून सांगत आणि उभ्याउभ्या परत जात. आमची ही म्हणायची, "ह्या बाईला गुडघेच नाहीत वाटतं."

पण एकदा पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये एका पोराचा हात सापडला तेव्हा ह्याच बाईनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांनी वर धरून, हलत्या टेंपोत, मोठ्या दवाखान्यापर्यंत उभ्यानं प्रवास केला. रस्ता तेव्हा कसा होता ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. पोराची बोटं वाचली. परत आल्यावर सिस्टरनी साडीवरचं रक्त धुतलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणाल्या, "हां, तुला काय झालंय?"

तर अशा बाईला पाखराचा नाद लागला, आणि तोही एका अमेरिकन मडमेमुळे.

कंपनीत नवी मशिनं बसवायला एक अमेरिकन साहेब आला होता. गेस्टहाऊसवर त्याची बायको तापानं पडली. सिस्टर रोज इंजेक्शन द्यायला जायच्या. मडम दर वेळी खुर्ची पुढे करायची आणि ह्या दर वेळी "नो, नो, ड्युटी" म्हणायच्या. बरी होऊन मायदेशी जाताना मडमेनं त्यांना दोन वस्तू दिल्या. एक काचेची उभी बाटली, खाली वाकडी नळी आणि नळीच्या तोंडाला लालभडक फूल. आणि दुसरं, मासिकातून कापलेलं एक रंगीत चित्र. त्यात अंगठ्याएवढं हिरवं पाखरू त्याच बाटलीसमोर चोच नळीत घालून साखरेचं पाणी पीत होतं. पायाखाली काही नाही. निव्वळ हवेत.

सिस्टर ते चित्र घेऊन आमच्या ऑफिसात आल्या. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

"बगा भाऊ. हवेत उभं ऱ्हाऊन पितंय! पाखरू असावं तर आसं. ड्युटीवरल्यासारखं."

आमच्याकडे हा पक्षी नाही, हे त्यांना मडमेनंच सांगितलं होतं. पण आपल्याकडे त्याचा भाऊबंद शोभेल असा शिंजीर आहे. तशीच बाकदार चोच, तसाच फुलांतल्या मधाचा शौक. सिस्टरच्या क्वार्टरमागच्या अंगणात जास्वंद होती, कर्दळ होती, कुंपणाला घाणेरी होती, आणि शिंजिरांचं जाणं-येणं बाराही महिने होतं. माझं क्वार्टर शेजारीच. मध्ये एक भिंत. तेव्हा ह्या सगळ्याचा मी साक्षीदार, असं म्हणायला हरकत नाही.

बाटली कपडे वाळत घालायच्या तारेला लटकली. साखर रेशनची. दवाखान्यात ग्लुकोजचे डबे होते, मी सहज सुचवलं, तर त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी विषय बदलला. "कंपनीचा ग्लुकोज पाखराला? चोरी हाय ती." स्वतःच्या चहात त्या गूळ घालू लागल्या आणि साखर बाटलीत गेली.

पहिल्यांदा आल्या मुंग्या. सिस्टरनी फिनेलमध्ये बुडवलेलं बँडेज तारेला गुंडाळलं. येणारे-जाणारे विचारू लागले, "सिस्टर, बाटलीला काय लागलं?" मग आल्या मधमाश्या. मग खार. ती तारेवरून उलटी लोंबकळून सगळी बाटली एका बैठकीत संपवायची आणि सिस्टर पदर खोचून तिच्यावर ओरडायच्या, "आगं ये, साखर व्हईल तुला! रक्त तपासून घे!" पावसाळ्यात पाण्याला बुरशी यायची, तेव्हा बाटली इंजेक्शनच्या सिरिंजांसारखी उकळली जायची, अर्थात घरच्या पातेल्यात. एकदा पोरांचा चेंडू लागून मडमेची बाटली फुटली. सिस्टर दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सलाइनची रिकामी बाटली घेतली, तिची नळी चित्रातल्यासारखी वाकवली, औषधाच्या बाटलीचं रबरी बूच कापून त्याचं फूल केलं. लाल रंग शिंद्यानं पेंटशॉपमधून आणून दिला, तोही डब्याच्या तळाला राहिलेला, फोरमनला विचारून. नवी बाटली हुबेहूब मडमेच्या बाटलीसारखी झाली. कुठेही फरक नव्हता, आणि घोटाळा नेमका तिथेच होता.

कारण शिंजीर काही तिच्याकडे येईना. सगळे ऋतू त्यांनी त्या पक्ष्याचे पाहून घेतले. थंडीत नर मळकट दिसतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळा पट्टा उरतो. सिस्टर म्हणायच्या, "हे अप्रेंटिस. टाय लावून फिरायलंय." उन्हाळ्याच्या तोंडावर तोच अंगभर चमकदार निळा-काळा होतो, उंच फांदीवर बसून चिवचिवाट करतो. "आता परमनंट झालं. आवाज बगा कसा चढलाय." कॉलनीच्या फाटकाशी पांगारा होता. माघ-फाल्गुनात त्याला लाल फुलं आली की ह्यांची तिथे जत्रा भरे. आणि सिस्टरची बाटली इकडे तारेवर एकटीच हेलकावे खाई. मला त्या बाटलीची दया येऊ लागली होती.

मग त्यांची आई आली.

गावाकडे म्हातारी एकटी होती. सिस्टरचा भाऊ हैदराबादकडे कामाला गेला, तिकडचाच झाला. माय गावात एकटी राहून परक्या शेतात खुरपायला जायची. एकदा ताप अंगावर काढून पडली तेव्हा सिस्टर जाऊन तिला घेऊनच आल्या. लहानखुरी, हिरव्या लुगड्यातली, कपाळावर गोंदलेली, तोंडानं फटकळ म्हातारी. सिस्टर जितक्या उभ्या, तितकी माय बैठी. अंगणात भिंतीच्या सावलीला पोत्याचा तुकडा टाकून ती बसली की बसली. डाळ निवडायची, वाती वळाव्यात तसे कापसाचे बोळे वळून लेकीला द्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, "या, बसा की जरा."

कोणी बसत नसे. कॉलनीची माणसं दारातूनच बोलतात. कोणाची शिफ्ट, कोणाचा नळ. माय आल्याआल्याच जाहीर करून मोकळी झाली, "मी काय ऱ्हायची नाई हितं. पाडवा झाला की जाते."

सिस्टर कधी काही मनातलं बोलत नसत. पण त्या दिवशी फळीपलीकडून हाक आली, "भाऊ, हायेत का?" आणि मग त्या पुष्कळ वेळ बोलल्या. "ती गेली नाई पायजे, भाऊ. तिकडं कोन हाय? पडली झडली तर दोन दिस कुनाला कळायचं नाई. मी इकडं आख्ख्या कंपनीला गोळ्या वाटायले आन माझी माय तिकडं एकली. मला रातीला झोप लागत नाई." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी काय बी करीन, पर तिला ठेवून घेईन."

केलं काय, तर रोज भांडल्या. मायलेकींचं भांडण भिंतीवरून आमच्याकडे ऐकू येई. अशाच एका भांडणात माय हसून म्हणाली, "येवडा टाहो कामून करायलीस? हे तुजं पाखरू त्या बाटलीवर बसून पानी पेलं ना, तर मी बी बसते हितं. मग तर झालं?"

ती कुचेष्टा होती. पाखरू येत नाही हे तिला महिनाभरात कळलं होतं. सिस्टरनी मात्र ती पैज धरून ठेवली. दर गुरुवारी कारखान्याला सुट्टी. सगळं पिंपरी-चिंचवड गुरुवारी आंघोळी लांबवतं, आणि ही बाई सकाळपासून पांढरी साडी नेसून, कमरेवर हात ठेवून, अंगणाच्या मधोमध बाटलीशेजारी उभी. मी एकदा म्हणालो, "सिस्टर, जरा बाजूला होऊन बसा तरी." त्या म्हणाल्या, "बसून काय व्हतंय? लक्ष ऱ्हायला पायजे."

पाडवा जवळ आला. मायनं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं. त्या आधीच्या गुरुवारी मी भिंतीशी सायकल पुसत होतो, आणि खरोखरच एक मादी शिंजीर कर्दळीवरून उडून बाटलीपाशी आली. सिस्टर श्वास रोखून उभ्या. पाखरानं नळीपुढे पंख फडफडवले, चोच लावायला गेलं, तोल गेला, पुन्हा फडफडलं, लाल फुलाला धरायला बघितलं, घसरलं आणि जाऊन तारेवर बसलं. तिथून बाटलीकडे बघत राहिलं.

"आगं दम धर की जरा!" सिस्टर रडकुंडीला आल्या होत्या. "ती अमेरिकेतली कशी उभी ऱ्हातेत! तुला काय झालं? कामचुकार कुटली!"

पोत्यावरून मायचा आवाज आला. सूप खाली ठेवून ती बोलत होती, आणि नेहमीसारखी फटकळ नाही, सावकाश.

"कमळे, तू त्याला बसायला काय दिलंस?"

"म्हंजी?"

"पाव्हणं आलंय दारात. आदी बस म्हनावं, मग पानी द्यावं. तू त्याला उभ्यानं पानी पाजायलीस. उभ्यानं पानी पेनं काय असतंय, मला इचार. पाटलाच्या दारात आमी भर उन्हात उभे ऱ्हायचो. वरून वतायचे, आमी खालून वंजळ धरायचो. निम्मं पानी कोपरावरून खाली. तान्ह कदी भागली नाई. आन कुनी बस म्हनलं नाई. म्हनून माझ्या दारात आलेलं कुत्रं बी मी आदी बसवते."

मी सायकल पुसायचा थांबलो. सिस्टर घरात गेल्या आणि घशाला औषध लावायची एक लांब काडी घेऊन आल्या. तिचा कापूस काढून टाकला आणि नळीच्या तोंडाखाली ती आडवी बसवून चिकटपट्टीनं घट्ट बांधली.

"बाकड्यासारखंच झालं की हे," मी वातावरण हलकं करायला म्हणालो. "आता कंपनीतलंही परत आणा."

"ते निराळं," सिस्टर म्हणाल्या. "ती मानसं हायेत."

त्या दिवशी पाखरू परत आलं नाही. पुढचा आठवडा माझी दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी मी घरी. मागे धुण्याच्या दगडाशी उकिडवा बसून दात घासत होतो, तर भिंतीपलीकडे माय कोणाशी तरी बोलत होती. आवाज अगदी हळू.

"ये की रं बाबा. बस. आता काडी हाय बसायला. तू बसलास तर मला बी बसाया मिळंल. मला कुटं जायाचंय? तितं कोन हाय माझं? पर आपुन होऊन कसं म्हनू, का मला ठेवून घे? लोक म्हनतील, लेकीच्या जिवावर बसली. तू बस, मग मला तोंड हाय."

मी तोंडातला फेस तसाच धरून बसलो. हलावंसं वाटेना. शेवटी पाय भरून आले, उभा राहिलो, तसं काहीतरी भुर्रकन गेलं. काय गेलं ते दिसलं नाही. मायनं मला पाहिलं आणि ओळखलं की ह्यानं ऐकलंय. तिनं तोंडावर बोट ठेवलं. "कमळीला सांगू नगा हां, लेकरा. मी हाय तवर तरी."

संध्याकाळी सिस्टर घरी आल्या तर मायनं गाठोडं सोडून लुगडी दोरीवर टाकली होती. "आलता," ती म्हणाली. "बसला, पेला, गेला. आता मी बोलल्या शब्दाची हाय. ऱ्हाते."

सिस्टरना आनंद झाला, पण त्यांचा विश्वास बसेना. तपासल्याशिवाय त्यांनी आजवर कोणाची पोटदुखीसुद्धा मानली नव्हती. बाटलीवर पाण्याच्या पातळीला त्यांनी पट्टी चिकटवली. पाणी रोज कमी व्हायचं, पण खारही होती, माश्याही होत्या. मला फळीतून विचारायच्या, "भाऊ, खरं सांगा, तुमी बगितलंव का?" मी खरं तेच सांगायचो की पाखरू मी पाहिलेलं नाही. गुरुवारी त्या स्वतः पहाऱ्याला उभ्या राहायच्या आणि गुरुवारी पाखरू हटकून येत नसे. माय म्हणायची, "आगं, तू खांबासारखी उभी ऱ्हातीस, त्येला भ्या वाटतंय. हितं माझ्याजवळ बस गुमान. मग येतंय का नाई बग." सिस्टर घटकाभर पोत्याच्या कडेला टेकायच्या आणि लगेच काहीतरी आठवून उठायच्या. दूध, इस्त्री, उकळायची बाटली.

माय मात्र राहिली. मध्येमध्ये जायची भाषा करी, पण दर वेळी पाखरू आडवं येई. कधी शिंजिरानं तारेला घरटं लोंबकळवलेलं असे, पिल्लं उडाल्याशिवाय जायचं कसं? कधी "अप्रेंटिस" परमनंट व्हायची वाट बघायची असे. अशी वर्षं गेली. हळूहळू कॉलनीतल्या बायका डाळ निवडायला तिच्याकडे येऊन बसू लागल्या. आमची हीसुद्धा. त्यांना विचारलं की पाखरू येतं का, तर म्हणायच्या, "आम्ही बोलत असतो, कोण बघतंय?" शिंदेसुद्धा कांद्याची पिशवी घेऊन आला की तिच्यापाशी टेकायचा. सिस्टर दिसल्या की ताडकन उठायचा.

एकदा सिस्टर मला म्हणाल्या, "भाऊ, माय खोटं बोलायली. पाखरू बिखरू काय येत नाई. माझ्यासाठी ऱ्हायली ती. निमित्त केलंय पाखराचं." आणि हसल्या. त्यांना ते खोटंच जास्त आवडत होतं. मायचं बोट मला आठवलं आणि मी गप्प बसलो.

एका थंडीत मायला न्यूमोनिया झाला. मोठ्या दवाखान्यात सिस्टर तिच्या उशाशी चार दिवस होत्या, उभ्या. सलाइन बघायच्या, नाडी बघायच्या, तिथल्या नर्सांना सूचना द्यायच्या. मी दुपारी डबा घेऊन गेलो तेव्हा माय क्षीण आवाजात म्हणत होती, "कमळे, बस की गं जरा." सिस्टर म्हणाल्या, "बसते की, ही बाटली संपू दे." बाटली संपायच्या आत माय गेली.

तिसऱ्या दिवशी सिस्टर ड्युटीवर हजर. तीच इस्त्री, तोच आवाज. फक्त फळीपलीकडून "भाऊ, हायेत का?" अशी हाक येईनाशी झाली. अंगणातली बाटली भरलेली असायची, एवढं मी पाहत होतो.

मग तो गुरुवार आला. मी धुण्याच्या दगडाशी होतो. उठून पाहतो तर पलीकडे, भिंतीच्या सावलीला, मायच्या पोत्यावर सिस्टर बसल्या होत्या. भिंतीला पाठ, पाय लांब पसरलेले, डोकं मागे टेकलेलं. घरातली साधी फुलाफुलांची साडी. पाखरू बघायला बसल्या नव्हत्या. उभं राहायचं बळ संपलं म्हणून बसल्या होत्या, हे कोणालाही कळलं असतं. हाक मारावी का नको अशा विचारात मी उभा राहिलो, आणि तारेवर हालचाल झाली.

गळ्याला काळा पट्टा असलेला नर होता. तारेवरून तो सरळ काडीवर उतरला. नवखेपणा काही नव्हता. रोजची वाट असल्यासारखा उतरला. मान वाकडी करून त्यानं चोच नळीत घातली, प्यायला, अंग फुलवून जरा बसून राहिला, पुन्हा प्यायला. सिस्टरपासून चार हातांवर. मग उडून जास्वंदीत गेला.

सिस्टर हलल्या नाहीत. माझ्याकडे न बघताच, त्यांना मी तिथे आहे हे ठाऊक असल्यासारख्या त्या बोलल्या.

"येत होता, भाऊ. खरंच येत होता." "मला वाटायचं ती माझ्यासाठी ऱ्हायली. ती तर पाखरासाठीच ऱ्हायली होती."

आता माय नव्हती. मी भिंतीवर हात टेकून त्या सकाळचं सगळं सांगितलं. माय पाखराला काय म्हणाली, ते जसं ऐकलं होतं तसं. तू बसलास तर मला बी बसाया मिळंल. मला कुटं जायाचंय. मग मला तोंड हाय.

सिस्टरनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या. मोठ्यानं, लहान मुलीसारख्या, बसून. मी आत जाऊन हिला पाठवलं. ही गेली आणि त्यांच्याशेजारी पोत्यावर बसली. दोघी दुपारपर्यंत तिथेच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीपलीकडे काहीतरी जड ओढत आणल्याचा आवाज झाला म्हणून मी बाहेर आलो. कँटीनमागचं ते जुनं बाकडं दवाखान्याच्या दाराशी भिंतीला लागलं होतं. एक पाय मोडला होता, त्याखाली वीट. सिस्टर ओल्या फडक्यानं ते पुसत होत्या. पहिल्या पाळीची दोन-चार माणसं लांबून बघत उभी होती, पण पुढे यायची कोणाची टाप नव्हती. शिंदे तेवढा जवळून चालला होता.

"शिंदे, इकडं ये."

"मला काय झालं न्हाई, सिस्टर. खरंच न्हाई. निस्ता चाललो हुतो."

"ठावं हाय. पानी पेतोस का?"

शिंद्यानं घाबरून मान डोलावली. सिस्टर आत जाऊन माठातला तांब्या भरून घेऊन आल्या. शिंदे उभ्याउभ्याच हात पुढे करून ओंजळ धरायला लागला, तसा त्यांनी तांब्या मागे घेतला.

"आदी बस," सिस्टर म्हणाल्या.

शिंदे बाकड्याच्या अगदी टोकावर टेकला. सिस्टर त्याच्या शेजारी बसल्या आणि मग त्यांनी तांब्या त्याच्या हातात दिला.